वन्सं, धाकटी आणि बिडाची शेगडी

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा घरात एक थोरली जाऊ होती, म्हणून ही धाकटी. पुढे दीर-जाऊ दुसऱ्या गावी गेले, सासू-सासरे गेले, शेवटी नवराही गेला. जिच्यापेक्षा धाकटी म्हणावं अशी घरात कुणी उरली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. नवरा एकदा तिचा विसरलेला चष्मा द्यायला तिथे आला आणि दारातूनच त्यानं विचारलं, "धाकटी आहे का आत?" त्या दिवसापासून तिथल्या बायकांनाही दुसरं नाव सुचेना.

त्या हिवाळ्यात धाकटी फार थकली होती. थकवा तिला नवा नव्हता. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलायचे, वाफेच्या इस्त्रीखाली एकेक चादर सरकवायची, दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या घडीवालीबरोबर ती ताणून दुमडायची, हे करता करता तिची उमर गेली होती. पण तो थकवा जेवून झोपलं की उतरायचा. हा उतरत नव्हता. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी अंगावर गठ्ठे रचून ठेवल्यासारखं वाटायचं. कपाळ ठणकायचं. जिना उतरताना गुडघ्यांत पाणी झाल्यासारखं व्हायचं.

"वय झालं आपलं," घडीवाली म्हणायची.

"तुझं नाही का झालं? तू बरी टुणटुणीत असतेस."

"माझ्या घरी नणंद नाही ना!"

यावर सगळ्याजणी हसायच्या. धाकटीही हसायची. पण ती गोष्ट तिच्या मनात रुतून बसली.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. धाकटी तिला वन्सं म्हणायची आणि तिच्याशी तोंड वर करून कधी बोलायची नाही. भावाच्या मागे धाकटी एकटी पडली म्हणून वन्सं चार दिवस सोबतीला आल्या आणि राहिल्याच. त्यांचा मुलगा लांबच्या शहरात, सुनेशी त्यांचं पटत नव्हतं. इकडे धाकटीला मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, दोन बायका आणि मधे एक शेगडी.

ती शेगडी बिडाची होती, तीन पायांची, पोटाशी काचेचं दार असलेली. मागून पत्र्याचा नळ निघून भिंतीतल्या जुन्या धुराड्यात शिरायचा. नवरा होता तोवर शेगडी ही त्याची जहागीर होती. लाकूड तो उन्हाळ्यातच आणून छपराखाली रचायचा. थंडी पडायच्या आधी धुराडंवाल्याला बोलावून नळापासून वरच्या टोपीपर्यंत सगळं झाडून घ्यायचा, आणि त्या दिवशी घरभर जुने कागद पसरून, स्वतःच काळा होऊन त्याच्या मागे मागे फिरायचा. राख काढली की झाकणाच्या डब्यात घालून डबा बाहेर फरशीवर ठेवायचा. कालची राख आज विझलीच असेल असं तो कधी धरून चालला नाही. धाकटीला या सगळ्याचं हसू यायचं. "एवढी सेवा माझी केली असती तर!" असं ती म्हणायची.

तो गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात धुराडंवाल्याला बोलवायचं भान कुणाला असणार? दुसऱ्या वर्षी तिनं ठरवलं होतं, पण सुट्टीच्या दिवशी उठवेना. राहिलं. तिसऱ्या वर्षी तर तो विषयच निघाला नाही. शेगडी पेटत होती, ऊब देत होती, मग कशाला कागद पसरायचे? लाकूडही आता वेळेवर यायचं नाही. थंडी अंगाशी आली की ती घाईघाईनं मागवायची, आणि यायचं ते ओलं, जड, चुरचुर आवाज करत धुमसणारं. काचेचं दार काळं पडायचं. वन्सं फडकं घेऊन ते पुसायच्या आणि पुसताना म्हणायच्या, "माझा भाऊ होता तेव्हा आरशासारखी असायची."

वन्संना थंडी सोसायची नाही. पायात दोन मोजे, अंगात दोन स्वेटर, वरून शाल, तरी त्यांचं आपलं चालूच. "धाकटे, खिडकीतून वारा येतोय." "धाकटे, दार लाव नीट." शेवटी एका रविवारी धाकटीनं धुलाईघरातल्या फाटून बाद झालेल्या चादरींच्या पट्ट्या आणल्या आणि खिडक्यांच्या सगळ्या फटींत सुरीच्या टोकानं ठासून भरल्या. दाराच्या खालीही एक गुंडाळी करून ठेवली. वन्संनी हात फिरवून पाहिला. वारा बंद. "आता कसं!" त्या म्हणाल्या. वन्संच्या तोंडून बरं काही निघालं म्हणून धाकटीलाही जरा बरं वाटलं.

नळावर एक झडप होती. ती आडवी केली की धूर वर जायची वाट अरुंद होते, लाकूड भडकत नाही, नुसतं धुमसत राहतं. वन्संनी रोज रात्री झोपण्याआधी शेगडीत दोन मोठे ओंडके घालून झडप जवळजवळ बंद करायची सवय लावून घेतली. धाकटीला वाटायचं, लाकूड पुरवून वापरायचं म्हणून करत असतील. विचारायचं त्राण नव्हतं. वन्सं शेगडीजवळच्या बाकावर झोपायच्या, धाकटी आतल्या खोलीत, मधलं दार ऊब यावी म्हणून सताड उघडं.

हळूहळू धाकटीच्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. डोकं घरी दुखतं, कामावर गेलं की थांबतं. सकाळी ती पाय ओढत धुलाईघरात शिरायची आणि दुपारच्या चहापर्यंत माणसात आलेली असायची. तिथे वाफ, गडबड, यंत्रांचा खडखडाट, तरी तिथे बरं वाटायचं. संध्याकाळी घरी येऊन तासभर झाला की पुन्हा कपाळाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी अंगठे दाबून धरल्यासारखं. आणि सुट्टीचा दिवस सगळ्यांत वाईट.

तिनं याचा एकच अर्थ लावला. वन्संचं तोंड पाहिलं की आपलं डोकं उठतं.

एकदा हे मनानं घेतल्यावर पुरावे जागोजागी सापडायला लागले. वन्सं दिवसभर डुलक्या काढायच्या, भाजी करपवायच्या, एकच गोष्ट दोनदा विचारायच्या. सकाळी उठल्या उठल्या मळमळतंय म्हणून मोरीत वाकून बसायच्या. धाकटीला ते सगळं नाटक वाटायचं. आपण कामाला निघालो की बरोबर यांना मळमळतं! तिची चिडचिड अशी वाढली की वन्संच्या मोज्यांचा जमिनीवर घासल्याचा आवाजसुद्धा तिला सहन होईना.

मग एक दिवस तिनं कामावरून वन्संच्या मुलाला, आपल्या भाच्याला, फोन लावला.

"अरे, आईला घेऊन जा."

"काय झालं मामी? भांडलात का?"

"भांडायला तरी अंगात जोर लागतो. माझं आता होत नाही रे. मी दमले."

भाच्यानं आढेवेढे घेतले. घर लहान आहे, बायकोची ड्यूटी असते, थंडीत प्रवास नको. धाकटीनं फोन ठेवला नाही. शेवटी तोच म्हणाला, "बरं. पुढच्या रविवारी येतो."

वन्संना सांगायचं उरलं होतं. दोन दिवस तिनं ते टाळलं. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम बोलून मोकळी झाली.

"वन्सं, तुमचा मुलगा येतोय रविवारी. तुम्हाला न्यायला."

वन्संचा घास हातातच राहिला. "त्यानं बोलावलं?"

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. "नाही. मी सांगितलं त्याला."

वन्संनी हातातला घास परत ताटात ठेवला. कपाळाला आठ्या नाहीत, आवाज चढला नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग ताट सरकवून उठल्या आणि बाकावर भिंतीकडे तोंड करून पडल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं धाकटीला वाटलं. ती ताटं घासायला बसली आणि घासता घासता कारण नसताना रडली. मग आणखी डोकं दुखायला लागलं.

त्या रविवारी बाहेर दाट धुकं होतं. वारा अजिबात नव्हता. समोरच्या घरांच्या धुराड्यांतून निघालेला धूर वर न जाता छपरांवरच बसून राहिला होता. धाकटीला जाग आली तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता, पण पापण्या उचलेनात. बाहेरच्या खोलीत वन्संची खुडबुड चालली होती. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. कपडे झटकल्याचा आला. यांची बांधाबांध चाललीय, उठून मदत करावी, असं तिच्या मनात आलं आणि तसंच विरून गेलं. मग धप्पकन काहीतरी पडलं.

"वन्सं?"

उत्तर नाही.

ती उठली आणि पलंगाच्या कडेलाच कोसळली. पाय तिचे राहिलेच नव्हते. ओकारी आली. भिंतीला धरून ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा वन्सं उघड्या ट्रंकेशेजारी आडव्या पडल्या होत्या. गाल लालबुंद, हातात भावाचा जुना मफलर. शेगडीत ओंडके मंदपणे धुमसत होते. धूर कुठेच दिसत नव्हता. खोलीत छान ऊब होती.

हवा हवी, एवढंच तिला सुचलं. खिडकीशी जाऊन तिनं पट्ट्या उपसायचा प्रयत्न केला, पण तिनंच त्या इतक्या घट्ट ठासल्या होत्या की निघेनात. मग ती दाराकडे वळली, गुंडाळी पायानं ढकलली, कडी काढली आणि जिन्यात अर्धी बाहेर पडून ओरडली, "शिंपीदादा! अहो शिंपीदादा!"

खालच्या मजल्यावरचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून धावत वर आला. थोराड माणूस होता. दारातच तो थबकला, छाती भरून श्वास घेतला आणि आत घुसला. वन्संच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना जिन्यात ओढून आणलं. शेजारीपाजारी जमले, कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन केला. शिंपी बादली घेऊन पुन्हा आत निघाला तेव्हा जिन्यात बसलेली धाकटी किंचाळली, "पाणी नका टाकू! बीड तडकेल, वाफेनं भाजाल! नुसती झडप उघडा आणि खिडक्या फोडा!"

त्यानं तसंच केलं. हातोडीनं एक तावदान फोडलं, झडप उभी केली आणि खोकत बाहेर आला. "काय कोंडलंय हो आत," तो म्हणाला. "तुम्ही दोघी जगलात कशा?"

इस्पितळात दोघींच्या तोंडांवर प्राणवायूचे मास्क चढले. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी धाकटीचं रक्त तपासायला पाठवलं आणि पलंगाच्या कडेला बसून विचारलं, "मावशी, डोकं आजच दुखलं की आधीपासून?"

"थंडी पडल्यापासून."

"आणि घराबाहेर पडलं की थांबतं?"

धाकटीनं चमकून पाहिलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. शेगडीत लाकूड नीट जळालं नाही, धुराला वर जायला वाट नसली, की एक विषारी वायू खोलीत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस दमतं, चिडतं, गोष्टी विसरतं, मळमळतं. त्याला वाटतं वय झालं." त्यांनी शेजारच्या पलंगावरच्या वन्संकडे पाहिलं. "एका घरातल्या दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, की आम्ही आधी शेगडीचीच चौकशी करतो."

त्या गेल्यावर धाकटी छताकडे पाहत पडून राहिली. अंगाखालची चादर ओळखीची होती. काठाला निळा धागा, कोपऱ्यात इस्पितळाचा शिक्का. इतकी वर्षं ती या चादरींना इस्त्री करत आली होती आणि त्यांच्यावर झोपण्याची ही पहिलीच वेळ. घडी जरा तिरपी पडली होती. घडीवालीचं काम. तिला मास्कच्या आत हसू आलं, आणि मग वन्संची सकाळची मळमळ आठवली, करपलेली भाजी आठवली, आणि हसू गेलं.

दुपारी वन्संनी डोळे उघडले. बराच वेळ त्यांना आपण कुठे आहोत ते कळेना. मग शेजारच्या पलंगावर धाकटी दिसली.

"ट्रंक उघडीच राहिली," त्या मास्क बाजूला करून म्हणाल्या.

"राहू दे. मास्क लावा."

"तू कामावर नाही गेलीस?"

"आज रविवार आहे वन्सं. आणि कामावरच आहे मी. बघा ना कुठे झोपलेय."

संध्याकाळी भाचा आला. आईला तशा अवस्थेत बघून घाबरला आणि घाबरल्यामुळे रागावला. कुणी झडप बंद केली, कुणी फटी बुजवल्या, धुराडं किती वर्षं झाडलं नाही, असं तो दोघींना लहान मुलांसारखं विचारत सुटला.

"झडप मी लावायची," वन्सं म्हणाल्या. "ही भल्या पहाटे उठून थंडीत कुडकुडत निखारे फुंकत बसायची. बघवायचं नाही मला. म्हटलं, रात्रभर विस्तव राहिला तर हिला उठल्यावर खोली गरम मिळेल."

धाकटीनं चादरीचा निळा काठ सरळ केला. फटी तिनं भरल्या होत्या, वन्संना वारा लागू नये म्हणून. आणि धुराडंवाल्याला बोलवायचं तिच्याच्यानं झालं नव्हतं.

"मामी, नेतोच मी हिला आता," भाचा म्हणाला.

"आत्ता नको नेऊस," धाकटी म्हणाली. "एवढ्या प्रवासाचं बळ नाही त्यांच्यात. धुराडं साफ होऊ दे. मग त्यांचं त्यांना ठरवू दे." हे ती फार मायेनं म्हणाली असं नाही. तिला झोप आली होती आणि आणखी एक निर्णय घ्यायची ताकद नव्हती.

धुराडंवाला आला तो धाकटी घरी परतल्यावर. म्हातारा झाला होता, पण दोराला बांधलेला ब्रश वरून सोडायला अजून स्वतःच छपरावर चढायचा. नळ उतरवला तेव्हा आत डांबरासारखा चकचकीत थर बसलेला निघाला. ओल्या लाकडाच्या धुरानं साचलेला. वरून ब्रश फिरला तशी काजळी पाट्यापाट्यांनी खाली आली, आणि तिच्याबरोबर काटक्या, पिसं आणि सुतळीचे तुकडे. पक्ष्यांनी टोपीखाली संसार मांडला होता.

"तुमचं नशीब चांगलं," तो म्हणाला. "हे डांबर पेटलं असतं तर छप्परच गेलं असतं. साहेब होते तेव्हा मला ठरलेल्या वेळी निरोप यायचा. मग येईना. मला वाटलं, तुम्ही गॅसचा हीटर घेतलात."

"आम्ही काहीच घेतलं नाही," धाकटी म्हणाली.

त्यानं सांगितलं ते सगळं नवरा वर्षानुवर्षं सांगत आला होता. निखारे जिवंत असताना झडप लावायची नाही. लाकूड वर्षभर सुकलेलं हवं. खिडकीची एक फट कायम मोकळी ठेवायची, थंडी वाजली तरी. नवं एवढंच, की भिंतीला लावायला एक छोटं यंत्र आणा, तो वायू साठला की ते ओरडतं. भाच्यानं जाण्याआधी ते यंत्र आणून लावून दिलं.

डोकेदुखी थोड्याच दिवसांत गेली. वन्संना मात्र वेळ लागला. त्यांचा हात बरेच दिवस थरथरायचा, एखादा शब्द सापडता सापडायचा नाही. हवा उबदार झाल्यावर त्या मुलाकडे गेल्या, आणि पानगळीच्या सुमाराला ट्रंकेसकट परत आल्या. "तिकडे सगळं विजेवर चालतं," त्या म्हणाल्या. "करमत नाही." धाकटीनं दार उघडं धरलं. 'या' म्हणाली नाही, 'नको'ही म्हणाली नाही.

परत आल्यापासून वन्संनी शेगडीचा कारभार हातात घेतला. राखेचा डबा बाहेर ठेवायला धाकटी विसरली की बोलणी. शेगडीजवळ टॉवेल वाळत घातला की बोलणी. रोज सकाळी काठीच्या टोकानं यंत्राचं बटण दाबून ते ओरडतं का बघायचं, आणि त्या कर्कश आवाजानं धाकटीची झोप मोडायची. मोज्यांची घासघास अजूनही तिच्या डोक्यात जायची. आपला सगळा वैताग त्या वायूपायी होता असं तिला इस्पितळात वाटलं होतं. तसं नव्हतं. थोडा वैताग अस्सल वन्संचाच होता. थकवाही सगळा काही गेला नाही. चादरी तेवढ्याच जड होत्या आणि धाकटी आणखी एका वर्षानं मोठी झाली होती. पण आता जेवून झोपलं की तो बराचसा उतरायचा.

त्या वर्षी लाकूड दोघींनी थंडीच्या बरंच आधी मागवलं. लाकूडवाल्यानं ते नेहमीसारखं खाली दारात ओतलं आणि निघून गेला. छपराखाली रचण्यासारखं तिथेच रचलं आणि सुकं तेवढं पिशव्यांत भरून त्या वर न्यायला लागल्या. वन्सं थोडं थोडं घ्यायच्या, धाकटी भरपूर. दुपार कलता कलता दोघींचे हात-पाय गळून गेले. मधल्या जिन्यावर धाकटीनं पिशवी खाली टेकवली आणि पायरीवर बसली. मागून वन्सं आल्या, धापा टाकत, त्याही एक पायरी खाली बसल्या.

"किती राहिलंय अजून?" वन्संनी विचारलं.

"निम्मं."

"उद्या नेऊ या का?"

"उद्या मला काम आहे."

वन्संनी स्वेटरला चिकटलेल्या ढलप्या एकेक करून काढल्या. शिंप्याच्या दारामागून यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. जिन्यात गार होतं आणि दोघींनाही घाम आला होता.

"ऊठ मग," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही उठा आधी."

"मी मोठी आहे. तू ऊठ."

"उठते," धाकटी म्हणाली, आणि तिनं डोकं भिंतीला टेकवलं.